आबांच्या कोपराचं कलम

१२ जून २०५८ हा दिवस वैद्यकशास्त्राच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल. आमच्या दापोलीत तो आमटी करपल्यामुळे लक्षात राहिला आहे.

झालं असं, की शर्वीच्या आईने आमटीला लाल मिरचीची फोडणी दिली. ओटीवर बसलेल्या आबांना ठसका लागला आणि आठ महिने रिकाम्या पिशवीसारखा लोंबणारा त्यांचा उजवा हात कोपरात वाकून टुणकन वर आला. लगेच खाली पडला. आई धावत बाहेर आली. आमटी आतच राहिली.

"आबा, पुन्हा करा," दहा वर्षांची शर्वी म्हणाली.

आबांनी हाताकडे डोळे वटारून "ऊठ" म्हटलं. हात उठला नाही. सांगून न ऐकणारा हात खोकल्याचं कसं ऐकतो, हे शर्वीला कोडंच पडलं.

तिचे आबा म्हणजे डॉ. गजानन खांबेटे, आंब्याच्या कलमांचे शास्त्रज्ञ. रक्ताच्या एका थेंबाच्या तपासणीत त्यांच्या मानेजवळची कर्करोगाची गाठ सापडली, सुपारीएवढी. वेळेत सापडली म्हणून आबा वाचले. पण गाठीने हाताकडे जाणारे काही मज्जातंतू (मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या तारा) वेढले होते, ते कापावे लागले. बोटं हलत, कोपर वाकेना. आणि कोपर वाकल्याशिवाय हात फांदीपर्यंत जात नाही. आबांनी आपला कलमाचा चाकू शर्वीला देऊन टाकला. "शाळेत नेऊ नकोस," एवढंच म्हणाले.

मग डॉक्टरांनी बरगड्यांमधले, श्वासाच्या कामाचे दोन मज्जातंतू वळवून दंडाच्या स्नायूला जोडले. टाक्यांचा धागा केसाहून बारीक. बरगड्यांत असे तंतू पुष्कळ, दोन उसने घेतले तर श्वासाचं अडत नाही. जोडलेला तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. गोगलगाय त्याच्यापुढे विमान. त्यातून उशीर झाला तर स्नायू वाळून जातो, आणि आबांनी तर आशाच सोडली होती.

"मी रोज दीर्घ श्वास घ्यायला सांगतो," कोपऱ्यातून नेमका म्हणाला. नेमका हे व्यायाम करून घेणाऱ्या रोबोचं नाव. "आबासाहेब म्हणतात, आजारी हात आणि औषध नाकाला?"

"तू गप्प बस," आबा म्हणाले.

शर्वी विचारात पडली होती. "आबा, कलम बांधल्यावर पाणी कुठे घालता? शेंड्याला?"

"वेडी का तू? मुळाला."

"मूळ कुणाचं?"

"गावठी रायवळ आंब्याचं. वरची फांदी हापूसची."

"मग तुमचा दंड हापूस. त्याचं मूळ आता छातीत आहे. आणि तुम्ही आठ महिने शेंड्याला पाणी घालताय."

याच चुकीसाठी आबांनी चाळीस वर्षांत कित्येक विद्यार्थी नापास केले होते. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला. हात सावकाश वर आला.

"तीन सेंटिमीटर," नेमका म्हणाला. "तंतू पोहोचलाय. मेंदू मात्र त्याला अजून श्वासाचाच समजतो. श्वास घेताना कोपर वाकवायचं मनात आणा. हळूहळू मेंदू नवी वाट शिकेल, मग श्वासाची गरज उरणार नाही. याला मेंदूची लवचिकता (सरावाने आपल्या जोडण्या बदलण्याची ताकद) म्हणतात."

"म्हणजे सत्तराव्या वर्षी पुन्हा शाळा," आबा म्हणाले, आणि शाळेत गेलेसुद्धा. रोज, एकही दिवस न बुडवता.

पुढच्या वर्षीच्या आषाढात त्यांनी चाकू परत मागितला आणि स्वतःच्या हातांनी एक कलम बांधलं.

"आबा, पाठीच्या कण्यातले तुटलेले तंतूही कधी असे जुळतील?" शर्वीने विचारलं.

"जुळतील. जुळवणारं कुणीतरी लागेल." चाकू पुसून त्यांनी पुन्हा तिच्याच हातात दिला.

मग आबांनी उजव्या हाताने गरम चहाचा कप उचलला. नेमका चित्रीकरण करू लागला. शेजारीपाजारी कुंपणाशी जमले. आबा आता काहीतरी थोर बोलणार, म्हणून सगळे थांबले.

"शर्वी," आबा जपून, अगदी हळू म्हणाले, "आत जाऊन आईला सांग, एवढा चहा संपेपर्यंत फोडणी घालू नकोस."