शेपूट फुटलेला सिंह

नर्सबाईंना या चोरीतून काय मिळणार होतं, याचा हिशेब डॉक्टरांच्या मुलाने पाहुण्यांना बसा म्हणण्याआधीच मांडला.

"कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. मालक आंधळा. आणि त्या एका नाण्यात त्यांचा सहा वर्षांचा पगार निघतो. अजून काय हवं?"

तपासनीस बाईंनी मान डोलावली. हिशेब चोख होता. फक्त मांडणाऱ्याने स्वतःचं पान वगळलं होतं.

बाईंसोबत त्यांचे धाकटे दीर होते, निवृत्त हेडक्लार्क. बाई त्यांना भाऊजी म्हणत. टिपणं काढण्यात भाऊजी वाघ, अर्थ लावण्यात शेळी. आत्ताही त्यांनी वहीत लिहिलं : नर्स. संशय पक्का.

ज्यांनी बाईंना फोन केला ते म्हातारे डॉक्टर खिडकीपाशी बसले होते. आयुष्यभर जनावरांवर इलाज केले, आणि नाणीही जनावरांचे ठसे असलेलीच जमवली, प्राचीन. काचबिंदूने डोळे गेले, तेव्हापासून ते नाणी बोटांनी बघत.

"मंगळवारी सिंह हातात घेतला," डॉक्टर म्हणाले, "आणि त्याला शेपूट फुटलेलं!"

"आम्हाला वाटलं, बाबांचं डोकं फिरलं," मुलगा म्हणाला. "मी आईचं कार्ड काढून पाहिलं. शेपूट होतंच. पण बाबा ऐकेनात, म्हणून ज्याने सिंह विकला होता त्या नाणेवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, चांदी ताजी आहे, नाणं बनावट."

"आईचं कार्ड?"

"आई प्रत्येक नाण्याचं चित्र पेन्सिलीने काढायची. ती गेल्यापासून कार्डं कपाटावर पडून होती. विम्याची यादी करायला गेल्या महिन्यात मीच घरी नेली."

बाईंनी कार्ड आणि बनावट नाणं शेजारी ठेवलं. उघडा जबडा, उचललेला पंजा, पाठीवर वळलेलं झुपकेदार शेपूट.

"काय कारागीर आहे!" भाऊजी खूश झाले. "वहिनी, केसाचाही फरक नाही."

"तेच तर," बाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

नर्सबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. डोळे कोरडे, आवाज त्याहून कोरडा.

"रोज पाचला ट्रे त्यांच्या मांडीवर ठेवायचा. हत्ती, घुबड, बैल, बिबट्या, आणि शेवटी भुंडोबा. पाच मिनिटं उशीर झाला तर घर डोक्यावर घेतात."

"भुंडोबा कोण?"

"सिंह हो. पुढून राजा, मागून भुंडा. मीच नाव ठेवलं, डॉक्टर खो-खो हसले होते."

"कार्डावर तर शेपूट आहे."

"कसली कार्डं? मला नाणी पुसू देत नाहीत, कार्डं कोण दाखवतंय!"

नाणेवाला दिवाणखान्यात घड्याळाकडे बघत बसला होता. भाऊजींनी आता त्याच्यावर डोळा ठेवला.

"खरं नाणं डॉक्टरांना परवडलं कसं?" बाईंनी विचारलं.

"त्या काळी हातोड्याने ठसा मारायचे. याचा घाव सरकला, शेपूट नाण्याबाहेर गेलं. शेपटासकट असतं तर डॉक्टरांना घर विकावं लागलं असतं."

"सापडला चोर!" भाऊजी कुजबुजले. "सगळी माहिती यालाच आहे."

"म्हणूनच तो नाही, भाऊजी. बोलवा सगळ्यांना."

सगळे जमले. बाई उभ्याच राहिल्या.

"सिंह रोज पाचला मांडीवर लागायचा. म्हणजे कारागिराकडे ठेवायला तो एक दिवसही बाहेर नेता येत नव्हता. बनावट आधी तयार हवं, मग अदलाबदल. कारागिराला नमुना काय दिला? नर्सबाईंनी दिला असता, तर भुंडाच दिला असता, रोज हाताळतात. नाणेवाल्याने तर शेपूट नाही म्हणूनच तो स्वस्तात विकला. पण नमुना गेला कार्डाचा."

"कार्डावर शेपूट आलं कुठून?" भाऊजींनी विचारलं.

उत्तर डॉक्टरांनी दिलं. "तिने घातलं. म्हणाली, बिचारा अर्धवट दिसतो. मी किती भांडलो होतो."

"म्हणजे चोर असा माणूस," बाई म्हणाल्या, "ज्याच्याजवळ कार्ड होतं, आणि ज्याने या घरात वाढूनही तो सिंह कधी नीट पाहिला नव्हता. विम्याच्या यादीसाठी म्हणून किल्ली मागितली, दुपारी डॉक्टर झोपले असताना एक काढलं, दुसरं ठेवलं. नजर दाराकडे. हातातल्या दोन नाण्यांकडेही नाही."

मुलाचा चेहरा उतरला, आवाज मात्र चढला. "विकलं! तसंही उद्या माझंच होणार होतं ना?"

डॉक्टर म्हणाले, "इतक्या वर्षांत एकदा माझ्याजवळ बसून ते हातात घेतलं असतंस, तर आज सापडला नसतास."

त्यांनी मान वळवली. "पोलीस नकोत. सिस्टर, तुम्ही थांबा."

नर्सबाईंनी किल्ली टेबलावर ठेवली. "कालपासून माझी पिशवी दोनदा उपसली, डॉक्टर. तुम्ही इथेच बसला होतात. ऐकत होतात. भुंडोबासाठी फोन केलात, माझ्यासाठी तोंड उघडलं नाहीत."

त्या गेल्या. जिन्यावर त्यांची पावलं ऐकत डॉक्टर तळहात उघडा ठेवून बसले होते.

भाऊजींना चुटपुट लागून राहिली आणि महिन्याभराने त्यांनी विचारपूस केली. मुलाने त्या दिवशी सकाळी, बाई पोचण्याआधीच, नर्स पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन करून चोरीचा संशय कळवून ठेवला होता. ब्यूरोने नर्सबाईंचं नाव चौकशी होईपर्यंत बाजूला काढलं. चौकशीला लेखी तक्रार लागते, आणि ती तर कुणी केलीच नव्हती. त्यामुळे नाव बाजूलाच राहिलं.

मुलाला दंड शून्य. घरी नवी नर्स आली. तिने ट्रेला हात लावायचा नाही, अशी अट मुलाने घातली. सुरक्षिततेसाठी.