लाल फुलीची वाट

मोजणीची फीत मध्येच कुठेतरी अडकली, तसा तिने जोरात हिसका दिला.

"ओढू नका..." झुडपापलीकडून आवाज आला. "या टोकाला मी आहे."

फीत त्याच्या बुटाखाली होती.

"मग पाय काढा की."

"काढतो. आधी काय मोजताय ते तर सांगा."

तिने सांगितलं, आणि तिथून सुरुवात झाली. ती उद्यानाच्या कचेरीत नकाशे काढायला नव्याने लागलेली, तो रोपवाटिका सांभाळणारा. रोज दुपारी ती मोठ्या झाडाखालच्या बाकावर डबा उघडायची आणि हा पाठीमागून उगवायचा. "सहज इकडून चाललो होतो," हे ठरलेलं वाक्य. सहा महिने रोज सहज! पण तिने कधी टोकलं नाही. उलट डब्यात दोन घास जास्त येऊ लागले; आईला सांगायचं कारण, बागेतल्या मुंग्या.

तो जेवता जेवता उद्यानाच्या गोष्टी सांगायचा. "हे आधी कवायतीचं मैदान होतं. टंचाईत लोकांनी इथे बटाटे लावले. मग बाग झाली, तेव्हा पहिल्या माळ्याने एकही रस्ता आखला नाही. वर्षभर लोकांना हवं तसं चालू दिलं. जिथे गवत मेलं, तिथे खडी टाकली."

"म्हणूनच सगळे रस्ते वाकडे. ताप माझ्या डोक्याला."

"वाकडे कुठे? कुणाला तरी कुणाकडे तरी जायचं होतं... एवढंच."

असं म्हणून तो तिच्याकडे बघायचा, आणि तिला डब्याचं झाकण फार महत्त्वाचं वाटू लागायचं.

ती रीत अजून चालू होती. वर्षातून एकदा गवतात पडलेल्या नव्या वाटा नकाशावर घ्यायच्या. वापरातल्या वाटेला हिरवी रेघ, तिथे खडी पडणार. बिनकामाच्या वाटेला लाल फुली, ती खणून गवत पेरायचं. तिने जीव ओतून नकाशा केला आणि सोमवारी कचेरीच्या भिंतीवर लावला.

त्याच दिवसापासून तो यायचा बंद झाला. मंगळवार गेला, बुधवार गेला. डबा अर्धा भरलेला घरी जाऊ लागला, तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या त्या बागेतल्या मुंग्या रुसल्या वाटतं." तिला हसू आलं नाही.

शुक्रवारी मुख्य माळीकाका कचेरीत टेकले. "पोरगा बदली मागतोय. नदीपलीकडच्या बागेत. चार वाजता अर्ज घेऊन साहेबांकडे जाणार."

तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली. "का पण?"

"मला काय ठाऊक? सोमवारी तुझ्या नकाशासमोर उभा होता, तेव्हापासून तोंडाला कुलूप आहे."

ती नकाशासमोर गेली आणि तिला ती फुली दिसली. रोपवाटिकेच्या मागच्या दारापासून तिच्या बाकाच्या पाठीपर्यंत, एक पाऊल रुंद वाट. बाजूला तिचंच टपोरं अक्षर: 'एकाच माणसाची ये-जा. उपयोग नाही. बंद करावी.'

आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा! तिने नकाशा भिंतीवरून उतरवला, हिरवी पेन्सिल उचलली आणि बाकामागच्या त्याच वाटेने धावत सुटली. साडेतीन वाजले होते.

तो कुंड्या भरत होता. अर्ज खिशातून डोकावत होता.

"ही वाट तुझी?" तिने धापा टाकत नकाशा पसरला. 'तुम्ही' वाटेतच कुठेतरी पडलं होतं.

"होती."

"मला माहीत नव्हतं रे... मी तिकडे पाठ करून बसते. मोजताना नुसती रुंदी बघितली."

"मला वाटलं, हेच तुमचं उत्तर. तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा बरं."

"अरे वेड्या, प्रश्न कधी विचारलास?"

तो मातीचे हात पँटला पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "आता... विचारला तर?"

तिने लाल फुलीवरून हिरवी रेघ ओढली, चांगली ठळक. "एकाची ये-जा असली तर वाट बंद. आज मीही तिच्यावरून आले. झाली दोघांची."

त्याने अर्ज काढला, चार घड्या केल्या आणि रिकाम्या कुंडीच्या भोकावर खापरीऐवजी दाबून वर माती टाकली. तिच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. इतकं, की तिला सपाटून भूक लागली.

"जेवलास?"

"चार दिवस नीट नाही."

"मग चल. डबा तसाच आहे."

वाट जेमतेम एका पावलाची. शेजारी चालायचं तर एकाला गवतात उतरावं लागत होतं. तो उतरला.

"गवत मरेल," तो म्हणाला.

"मरू दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी रुंदी वाढवून लिहीन."