क्रमांक नसलेला भाग

‘भाव उद्या’ ही मालिका आम्ही चौघांनी सुरू केली, तेव्हा वणीच्या बाहेर ती कोणी बघेल असं वाटलं नव्हतं. कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, म्हणजे जिनिंगच्या, ऑफिसात काम करणाऱ्या, म्हणजे शक्यतो न करणाऱ्या, माणसांची ही विनोदी मालिका. यूट्यूबवर टाकायचो. माझा नवरा अमर त्यात मुनीमजी व्हायचा. कापसाची गाडी घेऊन आलेल्या माणसानं भाव विचारला, की तो चष्मा कपाळावर चढवून म्हणायचा, "भाव? उद्या." एवढ्यावर लोक पोट धरून हसायचे. एसटीतून निवृत्त झालेले बाबारावकाका चौकीदार होते. कॅमेरा आणि दिग्दर्शन अमरच्या मित्राचं, नयनचं. लिहायचो अमर आणि मी. एडिटिंग माझं एकटीचं.

एरवी मी वणीच्या एका शाळेत गणित शिकवते. अंगात येणं, करणी, भानामती यांवर मुलांसमोर हसत आले आहे.

शूटिंग मारेगावच्या अलीकडे, बंद पडलेल्या एका जिनिंगमध्ये चालायचं. मशीनं थांबून वर्षं झाली होती, तरी जाळ्याजळमटांत कापसाचे तंतू लोंबत असायचे आणि भिंतींना सरकीचा तेलकट वास यायचा. ऑफिसच्या खोलीत एक लोखंडी टेबल, त्यामागे मुनीमजीची हातांची लाकडी खुर्ची. खिडकीतून अंगण, वजनकाट्याची शेड आणि त्यापलीकडे गेट दिसायचं.

पोळा झाल्यावर काही दिवसांनी अमर शूटिंगसाठी नवी जागा बघायला झरीकडे गेला. संध्याकाळी परतला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची मोटारसायकल जंगलातल्या रस्त्याच्या कडेला, मोहाच्या एका झाडाखाली सापडली. स्टँडवर नीट उभी केलेली. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. पोलिसांनी, जंगल कामगारांनी, आजूबाजूच्या पोडांवरच्या, आदिवासी वस्त्यांवरच्या लोकांनी सगळा भाग पिंजून काढला. एक चप्पलसुद्धा मिळाली नाही.

माझ्या सासूबाई, विमलताई, यांच्याकडे नातेवाईक येऊन हलक्या आवाजात क्रियाकर्माचं बोलू लागले. त्यांनी प्रत्येकाला एकच सांगितलं, "मेला म्हणता ना, मंग दाखवा मले."

मीही तेच म्हणत होते. फक्त मनात. पोलीस ठाण्यात गेलं की तिथला हवालदार मला बघून आधीच मान हलवायचा. मी बेवारस मृतदेहांचे फोटो बघायला चंद्रपूरला जाऊन आले, पांढरकवड्याला जाऊन आले. प्रत्येक वेळी तो नसायचा, आणि प्रत्येक वेळी बरं वाटायच्या आधी वाईट वाटायचं.

उन्हं तापू लागली तेव्हा नयन घरी आला.

"वहिनी, लोक विचारून राह्यले. मुनीमजीशिवाय पुढचा भाग कसा करावा, मले काही सुचून नाई राह्यलं. पण एक वेगळा भाग करू. मागच्या कथेशी संबंध नाई, पुढच्याशी नाई. रविवारची दुपार, जिनिंग बंद, आणि चौकीदार एकटा."

त्या भागात विनोद नव्हता. चौकीदार कुलूप काढतो, ऑफिस झाडतो, डबा उघडतो. दोन वाट्या मांडतो. मुनीमजीच्या खुर्चीकडे बघून हसतो, वाट पाहतो. कोणी येत नाही. तो डबा बंद करतो आणि निघून जातो. बस. खरं तर तो तेरावा भाग. बाबारावकाकांनी हात जोडले, "तेरावा म्हनू नका रे बाप्पा." म्हणून क्रमांक न देता आम्ही नुसतं ‘रविवार’ नाव दिलं.

पहिल्या प्रतिक्रिया चिडक्या होत्या, मग हळव्या होत गेल्या.

‘हे काय बे? कॉमेडी कुठी गेली?’

‘पूर्ण पाहिला, एकदाही हसू नाई आलं. पण पाहून झाल्यावर मायले फोन केला.’

‘काका, रडवलं तुमी.’

शाळेच्या मधल्या सुट्टीत मी हे वाचत होते. मग एक आली.

‘शेवटी गेटजवळ अमरदादा उभे दाखवले, तो शॉट म्हणजे काटा आला अंगावर. वेलकम बॅक!’

तो भाग अमर बेपत्ता झाल्यावर सहा महिन्यांनी शूट झाला होता. त्यातली एकूण एक फ्रेम माझ्या हाताखालून गेली होती. मला वाटलं, कोणी तरी वाह्यातपणा करतंय. त्याखाली दुसऱ्या कोणी लिहिलं होतं, ‘हो, मलाही दिसले.’ आणि त्याखाली आणखी कितीतरी जणांनी.

घरी येऊन मूळ फाइल उघडली. खिडकीचा प्रत्येक शॉट थांबवून, मोठा करून पाहिला. गेट होतं. गेटला टेकलेली बाभळीची फांदी होती. माणूस नव्हता.

नयनला फोन केला. "तू जुना एखादा शॉट घातलास का मधे?"

तो म्हणाला, "वहिनी, मले वाटलं तुमीच टाकला. म्हून मी काही बोललो नाई."

"तुला दिसतो?"

"तुमाले नाई दिसत?"

मी फोन ठेवला.

पुढच्या काही दिवसांत प्रतिक्रिया बदलत गेल्या. आधी सगळे गेट म्हणत होते. मग कोणी लिहिलं, अमरदादा वजनकाट्याच्या शेडमध्ये उभे आहेत, पत्र्याची सावली त्यांच्या तोंडावर पडलीय. मग कोणी अंगणात म्हणालं. गेटजवळ पाहिलेले लोक पुन्हा बघून भांडायला लागले, की मी पाहिला तेव्हा तर लांब होते, भाग बदलला काय तुमी? यूट्यूबवर एकदा चढवलेला व्हिडिओ असा बदलता येत नाही.

एका दुपारी सासूबाईंच्या हातात मोबाइल दिला. त्यांनी ती मालिका कधी धड पाहिली नव्हती. चष्मा लावून त्या बघत बसल्या. शेवटाकडे त्यांचा हात पदराकडे गेला आणि तिथेच राहिला.

"आई, कुठे आहे तो?"

"दारात." बोट टेकवून त्यांनी दाखवलं. बोटाखाली मला उघडं दार दिसत होतं आणि उन्हाचा पट्टा. "तोच शर्ट हाय व. चौकडीचा. गळ्याखालचं बटन नाई त्याले."

चौकडीचा शर्ट पोलिसांनी छापलेल्या पत्रकात होता. बटनाचं मी कोणालाही सांगितलं नव्हतं. त्या सकाळी तो घाईत होता, मी आल्यावर लाव म्हणाला होता.

"कसा दिसतो, आई?"

"वाळला." त्या रडल्या नाहीत. "काई तरी बोलून राह्यला. तोंड हलते. आवाज नाई येत."

त्यानंतर मी जो भेटेल त्याला तो भाग दाखवू लागले. शाळेतल्या शिपायाला, मोबाइलच्या दुकानदाराला, भाजीवालीला. प्रत्येकाला विचारायची, कुठे आहे, काय करतोय, काय म्हणतोय. लोक आधी सांगायचे, मग माझ्याकडे बघायला लागायचे. वणीच्या स्टँडवर डोक्यावर भारा घेतलेल्या एका अनोळखी बाईला मी थांबवलं. तिनं भारा उतरवून शांतपणे सगळं पाहिलं.

"हा मानूस कोनाले तरी शोधून राह्यला," ती म्हणाली. "तुमचा कोन लागते?"

तो काय बोलतो, यावरून प्रतिक्रियांमध्ये दोन तट पडले. अर्धे लोक छातीठोकपणे सांगत होते, तो ‘ये’ म्हणतो. अर्धे म्हणत होते, नीट बघा, ओठ पुढेही हलतात, तो ‘येऊ नको’ म्हणतो. कोणी तेवढाच तुकडा कापून, हळू करून टाकला. मीही पाहिला. माझ्या पडद्यावर एक दार हळूहळू काहीच करत नव्हतं.

नयन आणि बाबारावकाका दोघं मिळून आले.

"भाग काढून टाकू वहिनी. लोकाईनं खेळ मांडला हाय."

"काढायचा नाही."

"मी काढतो मंग."

"पासवर्ड मी बदललाय, नयन."

बाबारावकाका इतका वेळ खाली बघत होते. "पोरी, डबा उघडल्यावर मी खुर्चीकडे पाहून हसतो ना, ते तुले लय आवडलं होतं. एवढं चांगलं काम कराले कधी शिकले काका, म्हणाली होती तू." त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढून पुन्हा गळ्यात घातला. "मी अ‍ॅक्टिंग नाई केली ते."

"काय दिसलं होतं तुम्हाला?"

"आता नको विचारू. आन् तिकडे जाऊ नको."

त्याच आठवड्यात लोकांनी लिहायला सुरुवात केली, की अमरदादा आत आलेत. खुर्चीत बसलेत. सरळ कॅमेऱ्याकडे बघतात. ‘आता तर एकदम स्पष्ट आहे, ये म्हणतात,’ असं एकानं लिहिलं होतं. खाली कोणीतरी लिहिलं, ‘दादा रडून राह्यले बे.’

ते वाचल्यावर माझ्याच्यानं राहवेना. जगाला दिसत होता. बसमधल्या बायकांना, दुबईत ड्रायव्हर असलेल्या कोण्या पोराला, माझ्या वर्गातल्या मुलांच्या आयांना. ज्याच्यासाठी मी मेलेल्या माणसांचे चेहरे बघत फिरले, तो सगळ्यांना फुकट दिसत होता, आणि मला लाकडाची खुर्ची.

रविवार होता. सासूबाईंना बाजारात जाते सांगितलं आणि मारेगावची एसटी धरली.

जिनिंगच्या गेटची कडी नुसती अडकवलेली होती; आत आल्यावर मी ती पुन्हा अडकवली. अंगणात पळसाची फुलं उडून आली होती. वजनकाट्याची शेड ओलांडताना मी नकळत बाजूनं गेले, तिथे कोणी उभं असल्यासारखी. ऑफिसचं दार ढकललं. सरकीचा वास. छताच्या फटीतून आलेल्या उन्हात तंतू तरंगत होते.

"अमर," मी म्हणाले.

तंतू तरंगत होते.

मी टेबलाला वळसा घालून गेले. खुर्चीच्या हातावर धूळ होती, सगळीकडे सारखी. मी पाठीवर, हातांवर, बैठकीवर हात फिरवला. लाकूड तापलं होतं. ऊन कुठूनही तिथवर पोचत नव्हतं.

"मला दिसत नाहीस रे तू. काही तरी कर. काही तरी पाड, मोड. मी ऐकून घेईन, तू काय म्हणतोस ते."

बराच वेळ उभी राहिले. मग पाय दुखायला लागले म्हणून, की दुसरं काही सुचेना म्हणून, मी त्या खुर्चीत बसले.

मोबाइल वाजला. सासूबाई.

"अर्पिता, कुठी हाये तू?"

"का हो आई?"

"मी पाहून राह्यली होती ते. त्याले. रोजच पाहते." त्यांचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. "तू दिसून राह्यली व त्याच्यात."

"अमर कुठे आहे?"

"तू तिथी काहून बसली?"

"आई, अमर कुठे आहे?"

"उठला तो."

"आणि?"

"दारातून गेला. पाठ दिसली फक्त."

मी धावत बाहेर आले. अंगण रिकामं होतं. गेट मात्र सताड उघडं होतं.

मी रस्त्यापर्यंत पळाले. दोन्ही बाजूंना पाहिलं. कोळशाचा एक ट्रक गेला आणि धूळ बसेपर्यंत दुसरं काही दिसलं नाही. फोन कानाला लावला, तर कट झाला होता. पुन्हा लावला. घंटी जात राहिली.

वणीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. कंडक्टरनं माझ्या पुढच्या सीटवर तिकीट दिलं, मग मागच्या सीटवर. मी हात पुढे केलेला होता. कंडक्टर पुढे सरकला. मी मोबाइल उघडला.

‘ही ताई कोण आहे? नवीन पात्र का?’

‘मुनीमजीच्या खुर्चीत बसलेली बाई भारी काम करते. नुसती बघते.’

‘अमरदादा कुठी? मी तर त्याइले कधीच नाई पाह्यलं या भागात.’

मी भाग लावला. शेवटपर्यंत पाहिला. माझ्या पडद्यावर खुर्ची रिकामी होती.

घराचं दार लोटलेलं होतं. आतून तव्याचा वास येत होता. चपला काढून मी आत गेले. सासूबाई चुलीकडे तोंड करून भाकर थापत होत्या, आणि बोलत होत्या. इतक्या महिन्यांत मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता.

"खाय बाप्पा. किती वाळला. ती बाजारात गेली, येईनच आता."

"आई," मी म्हणाले.

त्यांनी भाकर तव्यावर टाकली. वळून मागे पाहिलं, माझ्या डाव्या बाजूला, खाली, भिंतीशी अंथरलेल्या चटईकडे. आणि हसल्या.

"अजून वाढू काय रे?"

चटईवर कोणी नव्हतं. समोर ताट होतं, वांग्याची भाजी, वरण, कांदा. भाकर अर्धी मोडलेली होती, आणि मोडलेल्या कडेतून वाफ निघत होती.