लांब केसांचा रोलर

खडबडीत भिंतीला लांब केसांचा रोलर लागतो, हे मला रंगाच्या दुकानदाराने सांगितलं.

"आखूड केसांचा नुसता उंचवट्यांवरून फिरतो, ताई. खड्डे कोरडेच राहतात. रंग भरपूर घ्या, पण दाबू नका. हात हलका हवा."

आईची खोली मी स्वतःच रंगवणार होते, त्यासाठी बाबांकडे राहायला आले होते. ती गेल्यापासून दादाचं टुमणं चालू होतं, की बाबांना एकटं ठेवायचं नाही, त्याच्याकडे न्यायचं. बाबा म्हणत, हे घर सोडून मी कुठेही येणार नाही. मी बाबांच्या बाजूने होते. आजारपणाचा वास गेला, खोली उजळली, ते तिथे नीट झोपू लागले, की दादा गप्प बसेल असं मला वाटत होतं.

"तू आणि रंगकाम!" दादा फोनवर हसला. "भिंतीपेक्षा तूच जास्त रंगशील. एखादा माणूस लाव, बाई."

पलंगालगतच्या भिंतीला जाड वाळूचा गिलावा होता. घासलं तर कातडी सोलवटेल असा. शेवटचे महिने आई त्याच भिंतीकडे पाठ करून पडलेली असे. रंगाचा पहिला हात देताना रोलर खरखरत वर-खाली जात राहिला. खांदे भरून आले, पण हातांना काम मिळालं याचंच बरं वाटत होतं.

दुसरा हात देताना खरखर मध्येच थांबली.

पलंगाच्या उंचीवर, ताटाएवढ्या जागेत, रोलर अजिबात आवाज न करता फिरला. मी बोटांनी चाचपलं. गिलावा गुळगुळीत झाला होता.

बाबा दारात उभे होते. आत येत नव्हते.

"बाबा, ही भिंत तुम्ही घासलीत का?"

"मी कशाला घासू?"

"मग कोणी घासली?"

"रंगवू नकोस म्हटलं होतं मी," एवढं बोलून ते निघून गेले.

नखं कापायच्या निमित्ताने मी त्यांचे हात निरखले. नखांत ना रंग, ना वाळू. कपाटं, माळा, पलंगाखालचे खोके, सगळीकडे पॉलिश पेपर शोधला. सापडला नाही. फरशीवरही भुकटी नव्हती. तरी संशय जाईना. भ्रम झालेला माणूस लपवाछपवीत भलता हुशार होतो, असं कुठेतरी वाचलं होतं. आणि बाबा खरंच भिंत खरवडत असतील, तर दादाचंच बरोबर होतं. मग त्यांना इथे ठेवायचा माझा हट्ट त्यांच्याच जिवावर उठला असता.

मी खोलीला कुलूप लावू लागले. किल्ली माझ्या खिशात. गुळगुळीत जागा तरीही लांबत गेली. बाबांकडे दुसरी किल्ली असणार, असं मी धरून चालले. जेवताना त्यांच्याकडे चोरून बघायचे. तेही माझ्याकडे तसंच बघायचे.

मग एका सकाळी दादा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला आला.

"आज राहू दे ना तो रंग," बाबा दारातून म्हणाले.

"चला हो, उशीर होतोय," दादा म्हणाला. "तिची कला अर्धवट राहिली तर आपल्यालाच ऐकून घ्यावं लागेल."

ते गेल्यावर मी त्या जागेच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढली. बाहेर येऊन कुलूप लावलं आणि दारासमोर खुर्ची टाकून बसले. खिडकीला गज आहेत. आज काही बदललं नाही, तर बाबाच. इतकं सरळ होतं ते.

जेवायची वेळ टळून गेल्यावर दार उघडलं. भिंतीवर लख्ख ऊन होतं. रेघ आत राहिली होती. गुळगुळीतपणा तिच्याबाहेर वीतभर सरकला होता.

म्हणजे हे बाबांचं काम नव्हतं. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं.

मी रोलर रंगात बुडवला. का, ते सांगता येणार नाही.

पलंगाच्या उंचीवरून आडवा फिरवला. आवाज नाही. मग तो अडखळला.

एकापुढे एक, सारख्या अंतरावर, बारीक उंचवटे लागत होते.

ते मला पाठ होते. ओल्या फडक्याने आईची पाठ पुसताना रोज हाताला लागायचे.

मी हात काढून घेतला.

भिंत किंचित मागे रेलली. रोलरकडे.

ते परतले तेव्हा मी ओट्याशी उभी होते.

"दादा, बाबांना आजच घेऊन जा. भिंत तेच खरवडतात. मी पाहिलंय."

"मी सांगत होतो की नाही?" दादा म्हणाला, पण त्याचाही आवाज पडला होता.

बाबांनी कितीतरी दिवसांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. आता ते भांडतील, मला खोटं पाडतील, असं वाटलं.

"हो," ते दादाला म्हणाले. "मीच ते."

पिशवी भरून झाल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तूही चल."

"थोडं काम राहिलंय, बाबा."

त्यांनी पिशवी उचलली.

काम अजून संपलेलं नाही. रोज थोडं थोडं करते. फक्त रंगाचा डबा आधी उन्हात ठेवून कोमट करून घेते. गार रंग लागला की ती अंग चोरते.