तिसऱ्या टेबलाचा अहवाल

"कुणाला काही विचारायचंय?" ब्राह्मीने विचारलं आणि शेवटच्या रांगेतला एक हात वर गेला.

साताऱ्यातल्या त्या प्रशिक्षणवर्गात कारखान्यांतले तीस सुपरवायझर बसले होते. सांगलीहून आलेली प्राध्यापिका ब्राह्मी त्यांना शिकवत होती, माणसं कामावर कशी आणि का वागतात ते. वर केलेल्या हातामागचा चेहरा दिसला आणि तिचा मार्कर फळ्यावरच थांबला... ऋषिराज! कानशिलावर थोडे पांढरे केस. हसणं मात्र तेच — आधी डोळ्यांत, मग ओठांवर.

"मॅडम, पुस्तकातला सिद्धांत आणि समोरची माणसं जुळली न्हाईत, तर चूक कुणाची धरायची?"

वर्ग हसला. ब्राह्मीला मात्र तासगावची बेदाण्याची शेड आठवली.

नऊ वर्षांपूर्वी एमबीएच्या प्रकल्पासाठी ती तिथे दोन महिने होती. ऋषिराज तिथला सुपरवायझर, साताऱ्याकडच्या एका सुभेदाराचा मुलगा. तिसऱ्या टेबलावरच्या आठ बायका रोज प्रत्येकी नेमके तेवढेच बॉक्स निवडून द्यायच्या. एकही जास्त नाही. ब्राह्मीच्या पुस्तकात याचं कारण छापलेलं होतं: गट मुद्दाम काम रोखून धरतो. उपायही तयार होता. प्रत्येकीला वेगळं बसवा, वेगळं मोजा.

"पुस्तक लय छान हाय तुमचं," तो म्हणाला होता. "पर ते कुठल्या गावच्या माणसांवरनं लिवलंय?"

"माणसं सगळीकडे सारखीच असतात."

"व्हय? मग आठ दिस बसा की त्या टेबलावर. तुमची बोटं नुसती लिवत्यात का कामबी करत्यात, कळंल तरी!"

ती इरेला पेटून बसली. बेदाण्यातल्या काड्या काढताना बोटं चिकट व्हायची, गोडसर वास ओढणीला लागायचा... आणि तो येता-जाता उगाच त्याच टेबलापाशी रेंगाळायचा.

पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं. कडेला बसणाऱ्या म्हाताऱ्या शालूबाईंना बारीक दिसतच नव्हतं. शेजारची क्रांती काही न बोलता त्यांच्यापुढचा ढीग स्वतःकडे ओढायची. बाकीच्याही आपला निवडलेला बेदाणा मूठ-मूठ त्यांच्या बॉक्समध्ये टाकायच्या. म्हणूनच आठही जणींचे बॉक्स सारखे भरायचे, कुणाचा जास्त नाही. आठही जणींना वेगळं बसवलं असतं, तर शालूबाई दुसऱ्याच दिवशी घरी बसल्या असत्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तिने ऋषिराजला विचारलं.

"तीन वर्षं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर ते माझं एकट्याचं मत झालं असतं. आता तुमी डोळ्यानं बघितलंय."

ब्राह्मीने अहवालाचा शेवट खोडून नव्याने लिहिला. गट असा का वागतो, ते आधी शोधा. मोजायचंच असेल तर सगळं टेबल मिळून मोजा. मार्गदर्शकांनी गुण कापले. शालूबाई टेबलावर राहिल्या. आणि ब्राह्मी प्रेमात पडली... पण निरोप घेताना तो एवढंच म्हणाला, "सांभाळून जावा." मग त्याने नोकरी बदलली, फोन नंबरही.

वर्ग सुटला. तो दाराशी थांबला होता.

"शालूबाई कशा आहेत?" तिने विचारलं.

"नातीच्या वरातीत नाचल्या की गेल्या साली!"

"आणि तू... तुम्ही नाहीसे का झालात?"

तो बुटांकडे बघत म्हणाला, "तुमचं घर जैन. आमच्यात जत्रंला बोकड पडतंय. तुमच्या घरचे न्हाई म्हणणार, असं धरूनच चाललो."

"पुरावा?"

"न्हाई."

"मला विचारलंत?"

"न्हाई."

"नापास!" ती म्हणाली. "नऊ वर्षं, ऋषिराज... एक न तपासलेला अंदाज!"

"मग आता तपासू?" तो पहिल्यांदाच 'तुमी' विसरला. "ब्राह्मी... लग्न करशील माझ्याशी?"

तिने पर्समधून फोन काढला, सांगलीला लावला.

"आई, उद्या एक पाहुणा जेवायला आणतेय... अगं, सांगते नंतर..." मग फोनवर हात ठेवून ती कुजबुजली, "आई विचारतेय, पाहुणा सूर्यास्ताच्या आत जेवेल का?"

"दुपारी चारला बसतो की!"

ब्राह्मी हसली आणि तिचे डोळे भरून आले.

"हो म्हणतोय, आई," ती म्हणाली. "आणि... मीपण हो म्हणतेय."