मिशीवाला खेकडा आणि शुक्रवारचा खाऊ

शुक्रवारी दुपारी एकला दहा कमी असताना मी 'पाठवा'चं बटण दाबलं आणि जिन्याने खाली चहाला पळाले. बटण दाबलं की माझे हात गार पडतात. अकरा हजार माणसांना मेल जातो आणि त्यातल्या एकाने जरी चूक दाखवली तरी मला रविवारपर्यंत जेवण जात नाही. घाबरटपणात आमच्या घराण्यात माझा पहिला नंबर आहे.

आमचा डिझाइन स्टुडिओ बेलापूरला, सात माणसांचा. लोकांसाठी लोगो आणि पाकिटं करतो, आणि दर आठवड्याला इंटरनेटवर सापडलेल्या पाच गमती 'शुक्रवारचा खाऊ' म्हणून वाटतो. कुणी रस्त्यात हरवलेल्या हातमोज्यांचेच फोटो काढतो, कुठली आजी पावाच्या स्लाइसवर भरतकाम करते... या गमती शोधायचं काम माझं, आणि प्रत्येकीखाली दोन ओळी लिहायचं कामही माझं.

टपरीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. शेजारी एक मुलगा उभा होता. कानाच्या पाळीला निळा रंग लागलेला, मनगटाला ऑइलपेंटच्या डब्यांची पिशवी, एका हातात चहाचा ग्लास, दुसऱ्या हातात मोबाइल. आणि मोबाइलवर चक्क माझा मेल! तो वाचता वाचता गालातल्या गालात हसत होता. मला राहवलं नाही.

"शेवटची गंमत बघा. सगळ्यात भारी तीच आहे."

त्याने बोटाने मेल वर सरकवला. हसू गेलं, चेहऱ्याचा रंग गेला, चहाचा ग्लास कलंडता कलंडता राहिला.

"हे... माझं आहे," तो म्हणाला.

आता माझा रंग गेला. शेवटची गंमत म्हणजे जेमतेम त्रेचाळीस फॉलोअर असलेलं एक बिननावाचं पान. त्यावर होड्यांच्या आतल्या फळीखाली, कुणाला दिसणार नाहीत अशी रंगवलेली चिमुकली चित्रं होती. मी निवडला होता तो मिशीवाला खेकडा, दोन्ही नांग्या कमरेवर ठेवून समुद्रावर डाफरणारा. खाली मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं – 'दिवाळे कोळीवाड्याच्या होड्यांत लपलेली गंमत. कलाकार कोण, देव जाणे!'

"मी मेसेज केला होता," मी पुटपुटले. "उत्तर आलं नाही, आणि पाचवी गंमत हाताशी नव्हती, म्हणून..." ज्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय लावायची नाही, हा स्टुडिओचा पहिला नियम. तो मी मोडला होता.

"तो खेकडा म्हणजे आमचे चांगदेवकाका," तो हळू आवाजात म्हणाला. "जेट्टीवर त्यांचा शब्द शेवटचा. नारळी पौर्णिमेआधी आठ होड्या रंगवायच्या आहेत मला. होडीची आम्ही पूजा करतो, मॅडम. तिच्यावर मालकाची चेष्टा काढलीय हे कळलं, तर आठही कामं जातील. पुढच्या वर्षी कुणी दारात उभं करणार नाही."

"मग काढलीतच कशाला?"

"हात शिवशिवतात."

"मी आत्ता काढून टाकते!"

"गेलेला मेल परत घेता येतो?"

येत नाही. ते त्यालाही माहीत होतं. मी मान खाली घातली. "चिडलात ना?"

"चिडलोय." त्याने मोबाइल खिशात टाकला. "पण... त्या दोन-दोन ओळी कोण लिहितं? तीन वर्षं वाचतोय मी."

"मी."

"हं. मग तर धड चिडताही येत नाही."

त्याचं नाव धनेश कोळी. त्याने माझा नंबर घेतला, काही झालं तर कळवायला. रोज पाचला त्याचा मेसेज यायचा. 'आज शांत. काका जाळं विणतायत.' मी लिहायचे, 'माझ्या हातून बशी फुटली. हा अपशकुन आहे का?' तो लिहायचा, 'बशीला विचारा.' मंगळवारी आमचं 'अहो' गळून पडलं. बुधवारी त्याने दोन निळ्या रंगांचा फोटो पाठवला, 'कुठला?' मी डावा म्हणाले आणि दिवसभर उजवा तर बरोबर नव्हता ना, म्हणून झुरत बसले.

गुरुवारी पाच वाजून गेले तरी मेसेज नाही. वीस मिनिटं मी फोन उलटा ठेवत होते, सुलटा करत होते. त्या वीस मिनिटांत मला कळून चुकलं की मला हा मुलगा मनापासून आवडतोय, आणि त्याच्या पोटावर पाय माझाच पडलाय.

मग मेसेज आला. 'काकांनी बोलावलंय. त्यांच्या भाचीने फोनवर दाखवलं.'

'मी येते.'

'तू कशाला?'

'चूक माझी आहे म्हणून.'

दिवाळ्याच्या जेट्टीवर निळ्या ताडपत्र्यांखाली होड्या उलट्या निजल्या होत्या. चांगदेवकाका उभे होते, दोन्ही हात कमरेवर. हुबेहूब! भीती वाटत होती आणि तरी मला हसू येत होतं. मी ओठ चावून धरला.

"ह्यो खेकडा कोनी काडला?"

"मी," धनेश म्हणाला.

"नि जगाला कोनी दावला?"

"मीच."

"खोटं आहे," माझा आवाज चिरकला. "मी दाखवला, काका. न विचारता. याला काही बोलू नका."

काकांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "मना दोन वरसां ठाव हाय. आतली फली उचलून होडी खरवडतंय कोन? मीच ना?"

"मंग बोलला का नाय?" धनेश थक्क.

"काय बोलू? मिशी बराबर काडलीस." मग त्यांचा चेहरा करडा झाला. "पन बाकीच्या सात होडीवाल्यांना ठाव नाय. त्यांना फोनवरून कलायच्या आदी तुज्या तोंडून कलला पायजे. उद्या सकाली सगले इथं येतील. येकेकाला दाव. कोन हसंल, कोन काम काडून घेल, ता मी नाय सांगू शकत. मी मधी परनार नाय."

ते निघून गेले. पाऊस बारीक झाला होता. धनेशने होडीवरची सरकलेली ताडपत्री ओढून नीट केली.

"सात जण," तो म्हणाला. "पुतळाआत्याला तर मी बोंबील केलंय."

मी हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यामुळे झालं हे सगळं."

"उद्या येशील?"

"मला खूप भीती वाटते, धनेश."

"मलाही. म्हणूनच विचारतोय." तो खाडीकडे बघत राहिला. "दोन वर्षं त्या होड्यांखाली एकटाच घाबरतोय. कंटाळा आलाय एकट्याने घाबरायचा."

"फक्त... उद्यापुरतं?"

"नाही." आता त्याने माझ्याकडे पाहिलं. "कामं राहोत की जावोत. आवडतेस तू मला, योगिनी."

माझे हात गार पडले होते. त्याने ते धरले, रंगाचे डाग तसेच असलेल्या हातांनी.

"किती वाजता येतील ते?" मी विचारलं.

"सातला."

"मग मी साडेसहाला येते. मलाही तू आवडतोस... पण घाबरायला मला जरा जास्त वेळ लागतो."