सहावा क्रँकशाफ्ट

यात पदरचा एक शब्दही घातलेला नाही. ज्याच्यासोबत हे घडलं तो माझा सख्खा मामा आहे, आणि यातलं शेवटचं माप मी स्वतः घेतलंय.

विश्राममामा ठाण्याला नौपाड्यात राहतो. चाळीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली, रिटायर झाल्यावर घरामागच्या खोलीत लोखंड कातायचा छोटा लेथ बसवला. हळूहळू मामा धरून असे सहा लेथवेडे जमले. ठाण्यापासून कल्याणपर्यंतचे.

दोन वर्षांपूर्वी मामाने टूम काढली, सगळ्यांनी मिळून वाफेच्या इंजिनाची छोटी मॉडेलं बनवायची. टेबलावर मावणारी, कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारी. पद्धत अशी की प्रत्येकाने एकच पार्ट घ्यायचा, पण त्याचे सहा नग करायचे. मग एका रविवारी जमून वाटून घ्यायचे, म्हणजे प्रत्येकाचं एक अख्खं इंजिन जुळतं. ड्रॉइंग मामाचं, तारखा मामाच्या, फोनाफोनी मामाची.

फक्त क्रँकशाफ्ट मामाला मिळाला नाही.

इंजिनाचा फिरणारा दांडा, सगळ्यांत अवघड पार्ट तो. बाकीचे म्हणाले, सुधीरला द्या.

सुधीर डोंबिवलीचा. आयुष्यभर बँकेत क्लार्क. लेथ शिकला तो घरीच, पुस्तकं आणि व्हिडिओ बघून. पण काय हात होता त्याचा! कुणाचं काही अडलं की सगळे सुधीरला विचारायचे, मामा समोर बसलेला असताना. मामाचा नुसता जळफळाट व्हायचा. त्याने नंतर ते माझ्याकडे कबूल केलं.

"चाळीस वर्षं मी घासली," तो म्हणाला, "आणि वाहवा त्या कारकुनाची."

मग मामाने एक गोष्ट केली.

बाकीच्यांना पाठवलेल्या ड्रॉइंगमध्ये शाफ्टची जाडी दहा मिलिमीटर होती. सुधीरला पाठवलेल्या ड्रॉइंगमध्ये... नऊ पूर्णांक नऊ.

केसाएवढा फरक. डोळ्यांना दिसत नाही. पण शाफ्ट ढिला बसतो आणि इंजिन चालताना ठोकतं. सगळ्यांदेखत सुधीरचे सहाच्या सहा शाफ्ट ढिले निघावेत आणि कुणीतरी म्हणावं की सुधीरकडून चुकलं. एवढंच मामाला ऐकायचं होतं.

जुळणीचा रविवार महिन्यावर आला आणि सुधीर गेला. झोपेतच, हार्ट अटॅकने.

मामाला वाईट वाटलं, पण आधी आठवलं ते ड्रॉइंग. ते कुणाच्या हाती लागलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

तेराव्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी मामा डोंबिवलीला गेला. दुपारचे सव्वादोन. शुक्रवारी त्या भागात दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट बंद असते. ऑक्टोबरचा उकाडा, पंखा बंद, घरात सुमेधावहिनी एकट्याच.

त्यांनी लेथची खोली उघडून दिली. जुळणीचा रविवार रद्द करू नका, म्हणाल्या, त्यांची शेवटची हौस होती. आणि मग सहज बोलाव्यात तशा बोलल्या...

"भाऊजी, ड्रॉइंगमध्ये तुमच्याकडून एक आकडा चुकला होता. ह्यांनी तुमच्यातल्या त्या कल्याणच्या दिपेशच्या ड्रॉइंगशी ताडून बघितलं. कुणाला सांगू नकोस म्हणाले, विश्रामला वाईट वाटेल."

मामाच्या कानशिलात मारल्यासारखं झालं.

वहिनी पाणी आणायला गेल्या. भिंतीवर ते ड्रॉइंग होतं. नऊ पूर्णांक नऊवर पेन्सिलची बारीक रेघ, शेजारी दहा. मामाने कागद काढून खिशात कोंबला.

टेबलावर लाकडी पेटी होती. तेलकट कागदात गुंडाळलेले शाफ्ट, प्रत्येकावर एकेकाच्या नावाची चिठ्ठी. मामाने मोजले. पाच. त्याच्या नावाचा शाफ्ट नव्हता. तो व्हायचा राहिला होता.

मामाने जाडी मोजायचा मायक्रोमीटर काढला. एक तरी चुकलेला निघावा म्हणून. पाचही बरोबर दहा. कुठे एक ओरखडा नाही, कुठे बोट ठेवायला जागा नाही. मेलेल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे त्याला त्या दिवशी कळलं.

तो खोलीचं दार ओढून बाहेर आला. पाण्याचा ग्लास तोंडाला लावला...

आणि आतून लेथ सुरू झाल्याचा आवाज आला.

संथ, एकसारखी घरघर. मग लोखंड कापलं जाण्याची बारीक शीळ.

"लाईट आली वाटतं," वहिनी म्हणाल्या.

दोघांनी वर बघितलं.

पंखा बंदच होता.

वहिनींनी पदर तोंडावर धरला. त्यांना रडू फुटलं. घाबरल्या मात्र नाहीत. आवाज दोन-तीन मिनिटं चालला... आणि थांबला.

मामाने दार उघडलं. आत कुणी नव्हतं. मशीन बंद. पण मघाशी पुसून लख्ख असलेल्या लेथखाली लोखंडाचा ताजा कीस पडला होता. त्याने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. चटका बसला होता.

पेटीत आता सहा शाफ्ट होते. सहाव्यावर चिठ्ठी होती, सुधीरच्या अक्षरात.

विश्राम.

मामा पेटी घेऊन घरी कसा पोहोचला ते त्याला आठवत नाही. घरी येऊन त्याने तो सहावा मोजला.

नऊ पूर्णांक नऊ.

जुळणीच्या रविवारी सकाळी अकरा वाजता सगळे नौपाड्याला जमले. सुधीरच्या नावाचं इंजिन वहिनींसाठी जुळवलं. कॉम्प्रेसर लावला आणि पाच इंजिनं लोण्यासारखी फिरली. सहावं, मामाचं...

टक. टक. टक.

कल्याणचा दिपेश वाकून बघत होता. वयाने लहान, पण कान तयार. त्याने शाफ्ट हलवून बघितला.

"काका, हा ढिला आहे. शेवटचा सुधीरकाकांकडून चुकला वाटतं."

जे वाक्य ऐकण्यासाठी मामाने एवढा उपद्व्याप केला होता, ते हेच. आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. मान डोलावून तो म्हणाला, "हो. चुकलंच त्याच्याकडून."

दिपेशने हवा बंद केली. पाच इंजिनं थांबली.

सहावं थांबलं नाही.

दिपेशने नळी उपसून काढली. तरी टक, टक... वेग वाढत चालला. टेबल थरथरायला लागलं. कुणी जागचं हललं नाही.

मामाने टेबलाची कड धरली.

"ड्रॉइंग मी बदललं होतं," तो म्हणाला. "मुद्दाम. सुधीरचं काही चुकलं नाही."

इंजिन थांबलं.

एकेकाने आपापलं इंजिन उचललं. दिपेशने चहाही घेतला नाही.

सोमवारी सकाळी मामाचा मला फोन आला. घरी ये, एवढंच बोलला. मी गेलो तर तो लेथच्या खोलीच्या दारात उभा होता, आत पाऊल टाकायला तयार नव्हता. आदल्या दिवसापासून आपण मशीनला हात लावला नाही, असं तो शपथेवर सांगत होता.

टेबलावर त्याचं इंजिन सुटं केलेलं होतं. स्क्रू एका रांगेत, नीट मांडलेले. मामाच्या लेथखाली लोखंडाचा ताजा कीस होता. आणि कागदावर क्रँकशाफ्ट ठेवलेला, त्याच चिठ्ठीसह.

मी मायक्रोमीटर घेतला. तीन वेळा मोजलं.

दहा. बरोबर दहा.

कापून कमी झालेलं लोखंड परत वाढत नाही, एवढं मलाही कळतं. मी मामाला म्हटलं, नवा करून ठेवला असेल तर सांग, मी कुणाला बोलणार नाही. तो त्या शाफ्टकडेच बघत होता. मला वाटलं होतं तो घाबरलाय, पण त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हतीच.

"पॉलिश बघितलंस?" तो म्हणाला. "माझ्या मशीनवर. मला चाळीस वर्षांत असं एकदाही जमलं नाही."

त्याने तो लेथ अजून विकलेला नाही. शुक्रवारी दुपारी, सव्वादोनच्या सुमारास, मात्र मी त्याच्याकडे जायचं टाळतो.